मुलांची उंची आणि घरातली भाकरी

आपल्या वस्तीत एक वाक्य वरचेवर ऐकू येते. पोरगं दहा वर्षांचं झालं तरी सहा-सात वर्षांचं दिसतं म्हणून कोणी काळजी व्यक्त केली, की घरातले म्हातारे माणूस म्हणते, "आमचं घराणंच बुटकं आहे बाबा, बाप कुठं उंच होता?" झालं, विषय तिथेच संपतो. दोष रक्ताचा ठरतो, आणि रक्तापुढे कोणाचे काय चालणार? या स्मरणिकेसाठी काही लिहावे असे ठरले तेव्हा आम्ही मुद्दाम हाच विषय निवडला. मुलाची उंची खरोखर कोणाच्या हातात असते, याचा शोध जगाने गेली दोनशे वर्षे घेतला आहे. तो इतिहास आपल्या लोकांपर्यंत फारसा आलेला नाही. त्याची सुरुवात झाली ती इंग्लंडात, म्हणजे ज्या देशाने आमच्यावर राज्य केले त्याच देशातल्या गरिबांच्या पोरांपासून.

लंडनमध्ये १७५६ साली मरीन सोसायटी नावाची संस्था निघाली. रस्त्यावरची, अनाथ, उपाशी पोरे गोळा करायची, त्यांना कपडे द्यायचे आणि आरमारात भरती करायचे, हे तिचे काम. संस्थेच्या नोंदवहीत प्रत्येक पोराचे वय आणि उंची लिहून ठेवत. हा दानधर्म होता, शास्त्र नव्हते. पण त्या वह्या जपून राहिल्या आणि पुढे विसाव्या शतकात इतिहासाच्या अभ्यासकांनी त्या उघडून हिशेब मांडला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही चौदा वर्षांची पोरे सरासरी जेमतेम सव्वाचार फूट भरत होती! आज आपल्याकडचे आठ-नऊ वर्षांचे बऱ्यापैकी खाल्ले-प्यालेले मूल तेवढे असते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सँडहर्स्टच्या लष्करी शाळेत जाणारी जमीनदारांची, सरदारांची मुले त्याच वयाला या पोरांपेक्षा सुमारे अर्धा फूट उंच होती. देश एक, वंश एक, धर्म एक, कातडीचा रंगही एक. फरक एवढाच, की एकाच्या ताटात मांस, दूध, लोणी होते आणि दुसऱ्याच्या ताटात काही नव्हते.

त्यानंतर कापडाच्या गिरण्या आल्या. गिरणीमालकांना लहान बोटे हवी होती, सुटलेला धागा जोडायला आणि यंत्राखाली सरपटत जाऊन कापूस झाडायला. १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कापडगिरण्यांत ठेवण्यास मनाई झाली, आणि नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. कायदा झाला खरा, पण मूल नऊ वर्षांचे आहे हे ओळखायचे कसे? इंग्लंडात जन्माची सरकारी नोंद १८३७ पर्यंत सुरूच झालेली नव्हती. मग डॉक्टरने नुसते बघून सांगायचे, की हे पोर नऊ वर्षांच्या मुलासारखे दिसते. आईबापांना मजुरी हवी आणि मालकाला मजूर हवे, तेव्हा डॉक्टरच्या डोळ्यांना काय दिसत असेल ते वाचकांनी ताडावे. लिओनार्ड हॉर्नर नावाच्या सरकारी निरीक्षकाने यावर उपाय म्हणून सोळा हजारांहून अधिक मुलांची उंची मोजून घेतली आणि उंचीवरून वय ठरवावे असे सुचवले. त्यावर एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्याने १८३७ साली आक्षेप घेतला. उपाशी पोराची उंची खोटे बोलते, दात मात्र खरे बोलतात, तेव्हा वय दातांवरून ठरवा, असे त्याचे म्हणणे होते. आम्हांला ही हकीकत मोठी बोलकी वाटते. गरिबीने मुलांची शरीरे इतकी खुरटवली होती, की त्यांचे वय ओळखायला बैलासारखे दात बघायची पाळी आली.

आपल्या मुंबईच्या गिरण्यांतही हेच घडत होते, आणि तिथे मुलांसाठी पहिला कायदा यायला १८८१ साल उजाडावे लागले. त्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास काम ठरवून दिले. हे नऊ तास म्हणजे त्या काळातली दया! 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी जो लढा उभारला, तो या कायद्यानंतरच्याच वर्षांतला.

पुन्हा इंग्लंडकडे वळू. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी युद्ध पेटले आणि सैन्यभरती सुरू झाली. मँचेस्टर शहरात अकरा हजारांच्या आसपास तरुण भरतीला आले, त्यांतले आठ हजार तपासणीत नापास झाले. छाती अरुंद, दात किडलेले, पाय वाकडे, उंची कमी. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही म्हणत, त्या साम्राज्याला बंदूक उचलायला धडधाकट माणूस मिळेना. भरतीसाठी लागणारी किमान उंची सरकारला खाली खाली आणावी लागली. आणि गंमत बघा, याच सरकारचे लष्कर आमच्याकडे 'लढाऊ जमाती' आणि 'बिगर-लढाऊ जमाती' अशी विभागणी करून बसले होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली ती याच विचाराने. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पिढ्यान्‌पिढ्या लढलेली माणसे एका फटक्यात बिगर-लढाऊ ठरली, आणि तिकडे त्यांच्या स्वतःच्या शहरांतली पोरे बंदुकीएवढीही वाढत नव्हती.

याच सुमारास यॉर्क शहरात सीबोम राउन्ट्री या चॉकलेट कारखानदाराच्या मुलाने गरिबीची घरोघर पाहणी केली. त्याचे पुस्तक १९०१ साली आले. त्याने शाळेतल्या मुलांची उंची-वजनेही घेतली होती. सगळी मुले कामगारांचीच, पण कामगारांतही सर्वांत गरीब घरांतला तेरा वर्षांचा मुलगा बऱ्यापैकी कमावणाऱ्या कामगाराच्या मुलापेक्षा सरासरी साडेतीन इंच कमी भरला. म्हणजे एकाच गल्लीत, एकाच प्रार्थनामंदिरात जाणाऱ्या लोकांत साडेतीन इंचांची दरी! युद्धातली नाचक्की आणि असे आकडे यांमुळे सरकारला १९०३ मध्ये चौकशी समिती नेमावी लागली. इंग्रज वंशाचा ऱ्हास होतो आहे काय, असा प्रश्न तिच्यापुढे होता. समितीने १९०४ मध्ये अहवाल दिला, त्याचा आशय असा, की वंशाला काही झालेले नाही, पोरे उपाशी आहेत. शाळेत त्यांची डॉक्टरी तपासणी करा आणि त्यांच्या जेवणाची सोय करा.

आता आम्ही ब्रॅडफर्डविषयी जरा विस्ताराने सांगणार आहोत, कारण हे गाव आपल्या लोकांना ठाऊक असले पाहिजे असे आम्हांला वाटते. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. तिथे मुले बारा वर्षांची झाली की अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत जात. सकाळी गिरणीत राबलेले पोर दुपारी बाकावर डोके टेकून झोपे. मार्गारेट मॅकमिलन नावाची बाई १८९४ साली तिथल्या शाळामंडळावर निवडून आली. ती मजूर चळवळीतली. शाळेचे डॉक्टर जेम्स केर यांना बरोबर घेऊन तिने मुलांची तपासणी सुरू केली. कित्येक मुलांना थंडी सुरू झाली की कपड्यांत शिवूनच टाकत, आणि ते कपडे उन्हाळ्यापर्यंत अंगावरून उतरत नसत, असे दिसले. १८९७ मध्ये तिथल्या एका शाळेत आंघोळीची सोय झाली, ती त्या देशातली शाळेतली पहिली. मॅकमिलनबाईंचा सगळा युक्तिवाद दोन वाक्यांचा होता. सरकार मुलांना सक्तीने शाळेत बसवते, तर उपाशी पोटी शिकवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. आणि उपाशी मुलाला शिकवण्यावर खर्च केलेला पैसा वाया जातो.

हे वाचताना आमच्या मनात आळवीची कथा आली. तथागत आळवी नगरीत आले असता एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधत शोधत, दिवसभराचा उपाशी, धम्म ऐकायला येऊन बसला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि तो जेवल्यावरच उपदेशाला सुरुवात केली. भिक्षूंना त्याचे नवल वाटले. भुकेल्याला काही शिकवता येत नाही, हे त्यांनी तेव्हा सांगितले. ब्रॅडफर्डच्या त्या बाईला ही कथा माहीत असण्याचे कारण नाही, पण ती नेमकी तिथेच येऊन पोचली.

१९०६ च्या निवडणुकीत मजूर पक्षाचे बरेच लोक पार्लमेंटात गेले. त्यांत ब्रॅडफर्डचे फ्रेड जॉवेट होते. विल्यम विल्सन या मजूर सभासदाने शाळेत जेवण देण्याचे विधेयक आणले आणि त्याच वर्षी ते संमत झाले. विरोध काय कमी झाला म्हणता? मुलांना फुकट जेवू घातले तर आईबाप आळशी होतील, बाप दारू पिईल, घरची चूल विझेल, असे मोठमोठे धर्मादाय संस्थांचे पुढारी सांगत होते. (आपल्याकडे शाळेतल्या खिचडीवर, रेशनवर आणि शिष्यवृत्तीवर बोलणारी माणसे हेच बोलतात. शब्दसुद्धा बदललेले नाहीत.) कायदा तसा लेचापेचाच होता. 'जेवण द्यावे' नव्हे तर 'देता येईल' एवढेच त्यात म्हटले होते, आणि त्यासाठी घरपट्टीवर पौंडाला अर्धा पेनीच कर बसवता येत असे. पण एक कलम त्यात फार मोलाचे होते. त्या काळी इंग्लंडात जो गरीब सरकारी मदत घेई त्याचा मताचा हक्क जात असे. या कायद्याने लिहून ठेवले, की मुलाने शाळेत फुकट जेवण घेतले म्हणून बापाचे मत जाणार नाही. पोराच्या ताटासाठी बापाला आपली नागरिकता गहाण टाकावी लागणार नाही, असा त्याचा अर्थ.

ब्रॅडफर्डने कायदा होताच काम हाती घेतले. शाळेचे डॉक्टर राल्फ क्रॉली आणि स्वयंपाक-शिक्षणाच्या प्रमुख मेरियन कफ यांनी १९०७ च्या एप्रिल ते जुलै या काळात अगदी गरीब भागातली सुमारे चाळीस मुले निवडली. सकाळी ओटची पेज, दूध आणि पाव. दुपारी ताजे शिजवलेले गरम जेवण. पहिल्या सकाळी काही पोरांनी पेज बघून तोंड फिरवले, पण लवकरच सगळी निमूट खाऊ लागली. दर आठवड्याला वजन घेतले जाई. न जेवलेल्या मुलांचा एक गट तुलनेला ठेवला होता. जेवणाऱ्या मुलांचे वजन त्यांच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वाढले. पण आम्हांला त्या तक्त्यातली सर्वांत महत्त्वाची जागा वाटते ती मधली. मध्येच सणाची सुट्टी आली, शाळा बंद, जेवण बंद. त्या सुट्टीत मुलांचे वजन घसरले. शाळा उघडली, जेवण सुरू झाले, वजन पुन्हा चढले. कागदावर रेघ ओढलेली, वर जाते, खाली येते, वर जाते. त्या खाली आलेल्या रेघेत चाळीस घरांची चूल दिसते.

आणखी एक गोष्ट. क्रॉली आणि कफ यांनी टेबलावर कापड अंथरले होते, फुले ठेवली होती आणि मोठ्या मुली पांढरे एप्रन घालून लहानांना वाढत होत्या. भीक वाढल्यासारखे वाढायचे नाही, घरच्यासारखे वाढायचे, हा त्यांचा कटाक्ष. आपल्या मुलांना जिथे पंगतीबाहेर बसवून लांबून वाढले गेले आहे, त्या आपल्याला या फुलांचे मोल जास्त कळेल.

नंतर पुष्कळ प्रयोग झाले, त्यांतले दोनच सांगतो. लंडनजवळच्या एका मुलांच्या आश्रमात डॉ. कॉरी मान यांनी नेहमीच्या जेवणाशिवाय काही मुलांना रोज एक पिंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे जास्त, दूध दिले. १९२६ मध्ये निष्कर्ष छापून आला. नुसत्या नेहमीच्या जेवणावरची मुले वर्षात १.८४ इंच वाढली, तर दूध पिणारी २.६३ इंच. दुसरा प्रयोग स्कॉटलंडमधल्या लॅनर्कशायरचा, १९३० सालचा, वीस हजार मुलांचा. निम्म्यांना दूध, निम्म्यांना नाही. पण कोणाला दूध द्यायचे हे ठरवण्यात शिक्षकांनाही हात घालता येत होता, आणि त्यांना राहवले नाही. त्यांनी हडकुळी, फाटक्या कपड्यांतली मुले दुधाच्या बाजूला सरकवली. पुढच्या वर्षी 'स्टुडन्ट' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका मोठ्या संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की त्यामुळे एवढ्या मोठ्या प्रयोगाचा हिशेब बिघडला. बिघडला तर बिघडला! शास्त्राच्या दृष्टीने ते चुकलेच, पण त्या मास्तरांवर आम्हांला रागावता येत नाही.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करातल्या सर्वांत खालच्या शारीरिक दर्जाला 'सी-थ्री' म्हणत. प्रजा सी-थ्री असेल तर साम्राज्य पहिल्या दर्जाचे राहणार नाही, अशा अर्थाचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज १९१८ मध्ये बोलले, आणि तो शब्द घरोघर झाला. परमपूज्य बाबासाहेब १९२० ते १९२३ या काळात लंडनमध्ये शिकत होते. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी त्यांनी जे न झालेले भाषण लिहिले, त्यात जातीने रक्त शुद्ध राहते आणि वंश सुधारतो असे म्हणणाऱ्यांचा समाचार घेताना त्यांनी हाच 'सी-थ्री' शब्द वापरला आहे. हजारो वर्षे जात पाळून वंश सुधारला असेल, तर मग या देशातली माणसे अशी खुजी, दमछाक होणारी आणि बहुसंख्येने लष्कराला नालायक का, असा त्यांचा रोख होता. आमच्यातले बरेच जण हे पुस्तक वाचतात, पण त्या एका शब्दामागे मँचेस्टरची आणि यॉर्कची उपाशी पोरे आहेत हे सहसा लक्षात येत नाही.

त्याच काळात नीलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन नावाचा ब्रिटिश डॉक्टर उंदरांवर प्रयोग करत होता. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या उंदरांचे त्याने गट पाडले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानातल्या एकेका लोकसमूहाचे रोजचे जेवण दिले. शीख जेवणावरचे, म्हणजे गव्हाची पोळी, दूध-तूप, डाळ, भाजी यांवर वाढलेले उंदीर सर्वांत मोठे झाले. त्यांच्याखाली पठाणी जेवणावरचे, मग आपले मराठी जेवणवाले, मग गुरखा, कानडी, बंगाली, आणि सर्वांत खाली सडलेल्या पांढऱ्या भातावरचे मद्रासी. लढाऊ जमात आणि बिगर-लढाऊ जमात पिंजऱ्यात तयार झाली, तीही काही आठवड्यांत. उंदराला जात नसते, गोत्र नसते आणि कुळीही नसते.

तरीही कोणी म्हणेल, उंदीर निराळा, माणूस निराळा. त्यासाठी दूर अमेरिका खंडातल्या ग्वाटेमाला देशाचे उदाहरण आहे. १९६९ ते १९७७ या काळात तिथल्या चार गरीब खेड्यांत रोज मोफत पेय दिले गेले. दोन खेड्यांत दूध आणि प्रथिनांची पूड घातलेली पेज, आणि दोन खेड्यांत साधे गोड सरबत. तीन वर्षांखालची मुले पेजेने जास्त उंच झाली. पुढे ही मुले मोठी बाप्ये झाल्यावर त्यांना पुन्हा शोधून काढले. २००८ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की ज्या पुरुषांना वयाच्या पहिल्या दोन वर्षांत ती पेज मिळाली होती, त्यांची तासाची मजुरी ४६ टक्क्यांनी जास्त होती. पेज पिणाऱ्यांत मुलीही होत्या. त्या आया झाल्या तेव्हा त्यांच्या बाळांचे जन्मवेळचे वजनही चांगले भरले. दोन वर्षांच्या पेजेचे फळ दुसऱ्या पिढीला! आणि दोन वर्षांच्या उपाशीपणाचेही तसेच.

घराण्याच्या रक्ताचा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जवळजवळ निकालात काढला. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत, या सहा देशांतली अशी मुले निवडली, की ज्यांना आईचे दूध, पुरेसे अन्न, स्वच्छ घर आणि औषधपाणी मिळाले आहे. भारतातली मुले दक्षिण दिल्लीची होती. पाच वर्षांपर्यंत ही सगळी मुले जवळजवळ सारखीच वाढली. अंगणवाडीत आज मुलांची वाढ ज्या रेघांवर मांडतात, त्या रेघा याच अभ्यासातून आल्या आहेत. एका माणसापेक्षा दुसरा माणूस उंच असतो, ते रक्ताने असते, हे खरे. पण एक अख्खी वस्ती दुसऱ्या वस्तीपेक्षा बुटकी असेल, तर ते रक्ताने नसते.

आपल्या देशात २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालची ४८ टक्के मुले वयाच्या मानाने खुरटलेली होती. २०१५-१६ मध्ये ३८.४ टक्के, आणि २०१९-२१ मध्ये ३५.५ टक्के. अनुसूचित जाती आणि जमातींत प्रमाण या सरासरीच्या वर आहे. साऱ्या जगात २०२२ साली अशी सुमारे १४ कोटी ८० लाख मुले होती.

शाळेतल्या जेवणाची आपली वाट ब्रॅडफर्डहून फार लांबची झाली. मद्रास शहरात १९२० च्या दशकात सुरुवात झाली, कामराजांनी १९५६ मध्ये ते मद्रास राज्यभर नेले, एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये वाढवले. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला आली, पण बहुतेक राज्यांत शिजवलेले अन्न नाही, तर हजेरी भरली की महिन्याला तीन किलो धान्य. ते धान्य घरी सगळ्यांच्या तोंडी जायचे, मुलाच्या वाट्याला दोन दिवसही पुरायचे नाही. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच जेवण द्या असा हुकूम केला, तेव्हा शाळाशाळांत चुली पेटल्या.

आणि चुली पेटल्याबरोबर प्रश्न आला, शिजवणार कोण? आमच्या बायांच्या हातचे जेवायला वरच्या जातीच्या घरांनी आपली मुले पाठवली नाहीत, असे देशात ठिकठिकाणी घडले. २० एप्रिल २००४ च्या हुकमात न्यायालयाने स्वयंपाकिणी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या असे स्पष्ट लिहिले. याच हुकमात आणखी एक ओळ आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना जेवण द्यावे, असे ती सांगते. इंग्लंडात १९१४ साली कायदा दुरुस्त करून सुट्टीच्या दिवसांतही जेवण देण्याची मुभा दिली होती. ब्रॅडफर्डच्या त्या खाली उतरलेल्या रेघेनंतर तिथे सात वर्षे लागली, आपल्याकडे सत्त्याण्णव.